विमानात मोबाइल, इअरबड आणि वाय-फाय: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

विमानात फोन बंद करावा लागत नाही. फ्लाइट मोड लावायचा, क्रू सांगेल तसं वागायचं आणि हवं असेल तर त्यानंतर ब्लूटूथ व वाय-फाय पुन्हा चालू करायचं. मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. घोळ होतो तो आजूबाजूच्या गोष्टींत. पॉवर बँक चुकीच्या बॅगेत गेलेली असते, वाय-फायचे पैसे भरायला ओटीपी येत नाही, डाउनलोड केलेला सिनेमा ऐन वेळी उघडत नाही, दुबईत उतरल्यावर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही. यातल्या बहुतेक अडचणी घरातून निघण्याआधीच मिटवता येतात, म्हणून सुरुवात घरापासून करू.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. प्रवासी मोबाइलच्या लहरींची काळजी करतात आणि बॅटरीकडे त्यांचं लक्ष नसतं. आजच्या घडीला विमान कंपन्यांना जास्त धास्ती बॅटरीची आहे. फ्लाइट मोड विसरलेल्या एका फोनने विमान पडत नाही. बिघडलेली लिथियम बॅटरी मात्र मिनिटाभरात पेट घेते, आणि आकाशात गाडी बाजूला लावून उतरायची सोय नसते.

आदल्या रात्री: बॅटरीचा हिशेब

नियम सोपा आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात आग लागली तर तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. केबिनमध्ये धूर दिसतो, वास येतो आणि क्रूजवळ आग विझवायची साधनं असतात.

मर्यादा वॉट-तासांत मोजतात आणि पॉवर बँकेवर आकडा लिहिलेला असतो मिलीअँपिअर-तासांचा, त्यामुळे गोंधळ होतो. हिशेब असा करायचा: मिलीअँपिअर-तासांना १,००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. ३.७ हा आतल्या सेलचा व्होल्टेज. पुष्कळ जण बाहेर पडणारे ५ व्होल्ट धरतात आणि उत्तर फुगतं. १०,००० ची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, २०,००० ची ७४, आणि ३०,००० ची १११.

१०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये कंपनीची आगाऊ परवानगी हवी आणि तीही जास्तीत जास्त दोन नगांना मिळते. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणून २०,००० ची पॉवर बँक हा सर्वांत बिनघोर पर्याय. किती नग न्यायचे याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक, तीही १०० वॉट-तासांच्या आतली, असा नियम केला. तिकिटावर ज्या कंपनीचं नाव आहे तिचं पान एकदा उघडून बघा.

आता पॉवर बँक हातात घ्या आणि उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत क्षमता छापलेली असते. खिशात, दप्तरात घासून ती पुसली गेली असेल तर सिक्युरिटीवाल्यांना आकडा वाचता येत नाही, आणि न वाचता येणारी पॉवर बँक तिथेच ठेवून घेतली जाऊ शकते. पेनाने आकडा लिहून चालत नाही. मधोमध फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्ज होताना भाजण्याइतकी तापणारी पॉवर बँक नेऊच नका. चीनमध्ये देशांतर्गत प्रवास असेल तर आणखी एक अट आहे: २८ जून २०२५ पासून तिथे थ्री-सी हा चिनी प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही.

लॅपटॉप आणि टॅबलेट हातातच ठेवलेले बरे. चेक-इनला द्यायचेच असतील तर पूर्ण बंद करा. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, तो नुसता झोपतो आणि कपड्यांच्या घडीत तापत राहतो. कॅमेऱ्याचे सुटे सेल प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत वेगळे ठेवा किंवा त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ली वा नाणं लागून शॉर्ट होणार नाही. चार्जिंगची बॅटरी असलेली स्मार्ट सुटकेस असेल तर ती बॅटरी काढता येते का ते पाहा. निघत नसेल तर ती सुटकेस चेक-इनला घेत नाहीत.

सामान शोधायचा एअरटॅग मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकायला हरकत नाही. त्यातल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये लिथियम साधारण ०.१ ग्रॅम असतं, मर्यादा ०.३ ग्रॅमची आहे. फक्त तो सतत ठावठिकाणा सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. जवळून एखादा अ‍ॅपलचा फोन गेला तरच त्याची जागा कळते. विमान हवेत असताना शेवटची जागा म्हणून निघालेला विमानतळच दिसत राहिला तर बॅग मागे राहिली असं समजून घाबरू नका.

घरीच एक रंगीत तालीम

रात्री घरात फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि अर्धा तास तसाच वापरून पाहा. प्रवासात जे अडणार ते इथेच अडेल.

डाउनलोड केलेला सिनेमा लावून बघा. काही अ‍ॅप अधूनमधून नेटवरून परवाना तपासतात. महिन्याभरापूर्वी उतरवलेला भाग त्यामुळे उघडत नाही, आणि काही भाग एकदा सुरू केल्यावर ठरावीक तासांत संपवावे लागतात. बोर्डिंग पास, व्हिसा, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ईमेलमध्ये असलेली पीडीएफ नेट नसताना उघडेलच असं नाही. ज्या गावी उतरणार तिथला नकाशा ऑफलाइन उतरवा. आई-बाबा एकटे निघाले असतील तर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मराठी आणि तिथल्या भाषेचं पॅक घालून द्या, नेटशिवाय चालतं.

इअरबड घरीच फोनशी जोडा आणि त्यांना आपलं नाव द्या. विमानात ब्लूटूथची यादी उघडली की एकाच कंपनीच्या इअरबडची सात-आठ सारखी नावं दिसतात, त्यातले आपले कुठले ते कळत नाही. फोनच्या हॉटस्पॉटचं नावही एकदा बघून घ्या. मुलांनी गंमत म्हणून काहीतरी भलतं ठेवलेलं असतं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नैरोबीहून इस्तंबूलला निघालेलं विमान, बॉम्बचा उल्लेख असलेलं वाय-फायचं नाव प्रवाशांना दिसल्यामुळे वाटेतच उतरवावं लागलं होतं. एअरड्रॉप किंवा क्विक शेअर ‘फक्त संपर्कातले’ यावर ठेवा, नाहीतर अनोळखी माणसाचे फोटो स्वीकारायचे का अशी विचारणा येत राहते.

केबलचं पाहा. नव्या फोनबरोबर दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली केबल मिळते, आणि सीटवरचं भोक बऱ्याचदा जुन्या रुंद यूएसबीचं असतं. दोन्ही प्रकारच्या केबल बरोबर असू द्या. देशातल्या अनेक विमानांत सीटला चार्जिंगची सोयच नसते, म्हणून फोन शंभर टक्के भरूनच घरातून निघा.

परदेशी जाणार असाल तर आज रात्री आणखी दोन कामं उरकायची. रोमिंगचं पॅक घ्या, आणि ते वाटेतल्या देशातही चालतं का हे वाचा. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डावर हे व्यवहार मुळात बंदच असतात, आणि विमानात वाय-फायचा पास घेताना नेमकं इथेच घोडं अडतं.

सिक्युरिटी आणि गेट

ट्रेमध्ये लॅपटॉप, टॅबलेट, मोबाइल, पॉवर बँक आणि जाड चार्जर बाहेर काढून वेगळे ठेवा. पॉवर बँक कपड्यांच्या तळाशी असेल तर बॅग पुन्हा मागे जाते, उघडावी लागते आणि मागची रांग खोळंबते. ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायची सवय लावा. अमेरिकेच्या विमानात चढताना तपासनीस उपकरण चालू करून दाखवायला सांगू शकतात. बॅटरी संपलेला फोन तिथे अडचणीत आणतो.

पुणे आणि मुंबईत डिजियात्रा चालतं. चेहरा दाखवून आत जाता येतं, पण त्यासाठी अ‍ॅपमध्ये बोर्डिंग पास आधी चढवलेला लागतो. ते काम घरच्या नेटवर करा. विमानतळाच्या फुकट वाय-फायला मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे परदेशी सिम घेऊन आलेल्यांनी माहितीच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून कूपन मिळतं का ते विचारावं.

एक धोक्याची जागा आहे ती छोट्या विमानांची. जळगाव, सिंधुदुर्ग यांसारख्या ठिकाणी जाणाऱ्या एटीआरसारख्या विमानांत डोक्यावरचा कप्पा लहान असतो. शिडीजवळ उभा असलेला कर्मचारी चाकांची केबिन बॅग मागून घेतो, तिला टॅग लावतो आणि ती विमानाच्या पोटात जाते. हातातली बॅग त्या क्षणी चेक-इनची बॅग होते. म्हणून ती देण्याआधी पॉवर बँक, सुटे सेल आणि औषधं काढून घ्या. घाईत हे हमखास विसरतं. पॉवर बँक पहिल्यापासूनच खांद्यावरच्या लहान पिशवीत ठेवली तर विसरायचा प्रश्नच येत नाही.

सीटवर बसल्यावर

दार बंद झाल्याची आणि फोन फ्लाइट मोडवर टाकायची सूचना येते. मग एवढं करा:

१. घरी पोहोचवायचे निरोप आधीच पाठवून घ्या. दार बंद झाल्यावर कॉल लांबवू नका.

२. स्क्रीनच्या वरून बोट खाली ओढा आणि विमानाच्या चित्रावर टॅप करा. फोन मराठीत असेल तर तिथे ‘विमान मोड’ असं लिहिलेलं दिसेल. वर नेटवर्कच्या दांड्यांऐवजी छोटं विमान आलं की झालं. दोन सिम असतील तर दोन्ही एकदमच बंद होतात.

३. इअरबड वा घड्याळ जोडायचं असेल तर ब्लूटूथ पुन्हा चालू करा. नव्या अँड्रॉइडमध्ये इअरबड जोडलेले असताना फ्लाइट मोड लावला तर ब्लूटूथ चालूच राहतं. आयफोन मागच्या वेळची तुमची निवड लक्षात ठेवतो.

४. बरोबरची इतर यंत्रं आठवा. सिम असलेलं घड्याळ, सिमचा टॅबलेट, मुलाचा जुना फोन, खिशातला नेटचा डोंगल. प्रत्येकाला वेगळा फ्लाइट मोड लावावा लागतो, आणि डोंगल तर पूर्ण बंदच करायचा.

५. लॅपटॉप मिटून सीटखाली किंवा वरच्या कप्प्यात ठेवा. उड्डाणाला आणि उतरताना तो बाहेर चालत नाही. याचा लहरींशी संबंध नाही. जोराचा धक्का बसला तर दीड किलोची वस्तू उडून कोणाला तरी लागते, आणि बाहेर पडायची वाटही अडते.

६. पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नका. सीटखालच्या पिशवीत किंवा समोरच्या खिशात, नजरेसमोर ठेवा.

सहाव्या मुद्द्याला कारण आहे. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग लागली. आतले सर्व १७६ जण बाहेर निघाले, पण विमानाचं छत जळालं. संशय पॉवर बँकेवर होता. १ मार्चपासून कोरियाने वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायला मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणं आणि चार्ज करणं दोन्ही थांबवलं. भारतातही डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या सूचनेनुसार विमानात पॉवर बँकेवरून फोन चार्ज करायला मनाई आहे. पॉवर बँक न्यायची ती उतरल्यावर वापरण्यासाठी, असंच धरून चाला.

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा. अशा ठिकाणी खिडकीतून फोटो-व्हिडिओ काढायला मनाई असते आणि क्रू खिडकीची झडप खाली करायला सांगू शकतो. चढण्या-उतरण्याचा व्हिडिओ काढायची हौस तिथे आवरा.

फ्लाइट मोड कशासाठी

कारण समजलं की नियम जाचक वाटत नाही. फोन सतत टॉवर शोधत असतो, आणि टॉवर जितका लांब तितकी तो ताकद वाढवतो. टूजी फोन अशा वेळी २ वॉटपर्यंत जाऊ शकतो, फोरजी साधारण ०.२ वॉटपर्यंत. इअरबडचं ब्लूटूथ वॉटच्या काही हजाराव्या भागात भागतं, म्हणून त्याला परवानगी मिळते.

रेडिओजवळ मोबाइल ठेवला की कॉल येण्याआधी ‘टुर्रर्र, टुक-टुक’ असा आवाज यायचा, तो आठवतो? टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देतो आणि जवळच्या तारेत ते ऐकू येतात. तोच आवाज वैमानिकाच्या हेडफोनमध्ये नियंत्रण कक्षाच्या बोलण्यावर चढला तर एखादा आकडा निसटू शकतो. दीडशे फोन एकदम ओरडत असतील तर ही शक्यता वाढते.

दुसरं यंत्र म्हणजे रेडिओ उंचीमापक. विमान जमिनीजवळ आल्यावर नेमकी उंची तोच सांगतो आणि ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. भारतात ५जीचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा आहे, मध्ये पुरेशी मोकळी जागा आहे. अमेरिकेत तो ३.९८ पर्यंत जातो. जानेवारी २०२२ मध्ये तिथे ५जी सुरू होताना काही आंतरराष्ट्रीय उड्डाणं रद्द झाली ती याच काळजीपोटी.

तुमचा स्वतःचा फायदाही आहेच. ताशी ८००-९०० किलोमीटरच्या वेगात फोनला टॉवर मिळत नाही, तो जिवाच्या आकांताने शोधतो आणि बॅटरी लवकर उतरते. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालूच राहतं, कारण ते फक्त ऐकतं, बोलत नाही. खिडकीजवळ बसलात आणि नकाशा उतरवलेला असेल तर खालची नदी गोदावरी की भीमा, हे फोनवर बघता येतं.

भारतात २०१४ पासून फ्लाइट मोडमधली उपकरणं प्रवासाच्या सर्व टप्प्यांत वापरायला मुभा आहे. तरी क्रूने पूर्ण बंद करा म्हटलं तर बंद करायचं. दाट धुक्यात विमान उतरवताना असं सांगितलं जाऊ शकतं, आणि तिथे वाद घालायला जागा नसते.

इअरबड आणि समोरचा पडदा

फोनवरून ऐकायचं असेल तर काहीच करावं लागत नाही. समोरच्या सीटच्या पडद्यावरचा सिनेमा बघायचा तर बहुतेक विमानांत ३.५ मिलिमीटरचं भोक असतं, तारेचा हेडफोन लावा. काही जुन्या विमानांत दोन पिनांचं भोक असतं, त्याला जोडपिन लागते. काही नव्या विमानांच्या पडद्यावर ब्लूटूथ असतं, पडद्याच्या सेटिंगमध्ये शोधा.

ब्लूटूथ नसेल आणि इअरबडच वापरायचे असतील तर ब्लूटूथ ट्रान्समीटर न्या. काडीपेटीएवढं यंत्र असतं. ते पडद्याच्या भोकात बसवा, त्याचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, इअरबडची डबी उघडून तिचं बटण दाबा आणि दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. जोडणी होत नसेल तर बहुतेक वेळा इअरबड तुमच्याच फोनशी चिकटलेले असतात. फोनचं ब्लूटूथ दोन मिनिटं बंद करा. ओठ हलल्यावर मागून आवाज येत असेल तर दोष ट्रान्समीटरचा असतो. घेताना कमी विलंबाचा घ्यावा.

सुरक्षेची माहिती देत असताना दोन्ही इअरबड कानातून काढा. आणि ते खाली पडले तर सीट मागे-पुढे करू नका. याबद्दल पुढे.

वाय-फाय

विमानाच्या पाठीवर एक छोटा उंचवटा दिसतो. त्याखाली अँटेना असतो, तो उपग्रहाशी बोलतो आणि केबिनमध्ये साधं वाय-फाय पसरवतो. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरचा असेल तर प्रत्येक क्लिकला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो. पान हळू उघडतं ते बऱ्याचदा वेग कमी म्हणून नव्हे, या अंतरामुळे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. ते वापरणाऱ्या विमानांत, उदाहरणार्थ कतार एअरवेजच्या बऱ्याच बोइंग ७७७ मध्ये, घरच्यासारखं नेट मिळतं.

देशांतर्गत उड्डाणांवर एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून एअरबस ए३५०, बोइंग ७८७-९ आणि काही ए३२१ निओ विमानांत वाय-फाय सुरू केलं. देशातल्या बाकीच्या बहुतेक उड्डाणांवर ते नाही असंच धरून निघा. जोडायची रीत सगळीकडे जवळपास सारखी आहे:

१. फ्लाइट मोड तसाच ठेवून वाय-फाय चालू करा आणि कंपनीच्या नावाचं नेटवर्क निवडा.

२. पान आपोआप उघडेल. नाही उघडलं तर सीटच्या खिशातल्या कार्डावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करा.

३. तरीही नाही? व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस ‘आपोआप’ वर आणा. पान अडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

४. पीएनआर आणि आडनाव किंवा सीट क्रमांक भरा. आडनाव तिकिटावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने.

५. पास घ्या. फक्त मेसेजचा पास असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो, फोटो जाईलच असं नाही.

ओटीपीचा पेच इथे येतो. फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही आणि भारतीय कार्ड ओटीपी मागतं. म्हणून पास शक्यतो तिकिटाबरोबर किंवा निघायच्या आधी घ्या. परदेशी कंपनीच्या पानावर पुष्कळदा ओटीपीशिवाय पैसे वळते होतात, पण त्यासाठी आदल्या रात्री चालू केलेला तो आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा पर्याय हवा. कंपनीच्या सदस्य योजनेत नाव नोंदवलं की काही ठिकाणी मेसेजपुरतं नेट फुकट मिळतं. तीही नोंदणी घरूनच करा, कारण तिलाही ओटीपी लागू शकतो.

जोडणी झाल्यावर लगेच फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा. नाहीतर लग्नाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ सगळा डेटा गिळतात. फोनवरून लॅपटॉपवर जायचं असेल तर आधी फोनवर लॉग आउट करा, पास एका वेळी एकाच यंत्रावर चालतो. मध्येच पास ‘हरवला’ तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये फोनची ओळख सांगणारा खासगी पत्ता बदलत राहण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. पत्ता बदलला की तुमचाच फोन नवा समजला जातो. नेट असलं तरी बोलायचे कॉल बहुतेक कंपन्यांना चालत नाहीत. मेसेज करा.

परदेशी विमानांत वाय-फायखेरीज मोबाइलचं नेटवर्कही असू शकतं, एअरोमोबाइलसारख्या नावाचं. फ्लाइट मोड लावला नसेल तर फोन गुपचूप त्याला चिकटतो, आणि साधं रोमिंग पॅक तिथे लागू नसतं. पोस्टपेड बिलाचा मोठा आकडा असाच येतो. जिओ आणि एअरटेल विमानातल्या वापराचं वेगळं पॅक विकतात. ते घेतलं नसेल तर फ्लाइट मोड हेच संरक्षण.

फोन सीटच्या फटीत गेला, किंवा तापला

फोन किंवा इअरबड सीटच्या फटीत घसरला तर सीट जागची हलवू नका, हात घालून ओढूही नका. उठून बाजूला व्हा आणि क्रूला बोलावा. सीटचं यंत्र फोन चेपतं, बॅटरीचे आतले थर एकमेकांना टेकतात आणि तिथेच धूर सुरू होतो.

बॅटरी फुगताना, शिट्टीसारखा आवाज करताना किंवा गोडसर-उग्र वास येताना दिसली तर लगेच मोठ्याने क्रूला सांगा. चार्जरची पिन काढता आली तर काढा आणि दूर व्हा. क्रू आधी ज्वाळा विझवतो, मग वर पाणी ओततो, कारण एक सेल विझला तरी शेजारचा तापून पुन्हा पेटू शकतो. जळतं यंत्र पिशवीत टाकणं किंवा ब्लँकेटने झाकणं चूक, उष्णता आतच कोंडते.

शरीरावरची यंत्रं

कानाचं यंत्र चालूच ठेवायचं. साखर मोजणारा सेन्सर ब्लूटूथने फोनशी बोलतो, त्यामुळे फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ परत चालू करायला विसरू नका, नाहीतर साखर उतरल्याचा इशारा येणारच नाही. सिक्युरिटीला सेन्सर आणि इन्सुलिन पंप आधी दाखवा आणि हाताने तपासणी मागा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवळ हवं, आणि फोन शर्टाच्या डाव्या खिशात नको. दोन्हींत निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. ऑक्सिजनचं यंत्र न्यायचं असेल तर कंपनीला तिकीट काढतानाच कळवा.

परदेशातून घरी येणाऱ्यांसाठी

अमेरिका-युरोपात ट्रेकला नेतात तो गार्मिन इनरीच (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) किंवा कुठलाही सॅटेलाइट फोन सुट्टीला येताना बरोबर आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात तो बाळगणं गुन्हा आहे. सह्याद्रीत फिरायचं म्हणून भल्या हेतूने आणला तरी तो जप्त होतो आणि पोलिसांत जावं लागतं. गोव्यासह इतर विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर अशी कारवाई झालेली आहे. घरच्या कोणाला पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा.

उतरल्यावर

विमान धावपट्टीवर टेकलं म्हणजे फोन चालू करायचा असं नाही, घोषणेची वाट बघा. देशात असाल तर फ्लाइट मोड काढला की पुरतं. नेटवर्क आलं नाही तर पुन्हा लावून दहा सेकंदांनी काढा.

परदेशात मधल्या थांब्यावर फ्लाइट मोड काढायची गरज नसते. तो तसाच ठेवून विमानतळाचं वाय-फाय जोडा. दुबई आणि दोहा इथे ते फुकट आहे. व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या नेहमीच्या भारतीय नंबरावरच चालतं, सिमला नेटवर्क लागत नाही. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल मात्र लागत नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती सेवा रोखलेली आहे. आजी-आजोबांना हे आधी सांगितलं नाही तर ते कॉल लावत राहतात आणि इकडे घरचे काळजीत पडतात. बोलून रेकॉर्ड केलेला निरोप जातो. घरी एकदा माईकचं चित्र दाबून तसा निरोप पाठवायला त्यांना शिकवा.

अमेरिकेत उतरणाऱ्यांनी इमिग्रेशनच्या दालनात फोन खिशातच ठेवावा, तिथे तो वापरायला बंदी आहे. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टमध्ये घाला. अधिकारी विचारेल तेव्हा तो कागदच पुढे करता येईल.